यादीत नसलेली पोरं

मागच्या हिवाळ्यात शनिवार-रविवारला दोन दिवसांची रजा जोडून गावी जाऊन आलो. गाव म्हणजे महागाव, जिल्हा यवतमाळ. (पुण्यात 'महागाव' म्हटलं की लोक विचारतात, 'गडहिंग्लजजवळचं का?' नाही हो. आमचं पुसद-उमरखेडच्या शेजारचं, नागपूर-तुळजापूर हायवेवरचं.) घरी पोचलो तर चौथीतला भाचा तोंड फुगवून ओट्यावर बसलेला. शाळेच्या खो-खो संघाची यादी लागली होती आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं.

"मले घेतलंच नाही, मामा. सर म्हनले, तू टाळ्या वाजव."

"मग वाजव ना."

"मी कायले वाजवू?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चौथीत असताना मी तर टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. माझ्याकडे बारा खेळाडूंच्या चपला सांभाळायचं काम होतं. एकही जोड हरवू दिला नाही. (आज प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळतो. फार फरक नाही.) अठरा-एक वर्षं झाली या गोष्टीला. मधल्या काळात गावात मोबाईल आले, रस्ता चौपदरी झाला, शाळेला डिजिटल वर्गखोली मिळाली. बारा जणांची यादी मात्र आहे तशीच आहे.

परतीच्या गाडीत डोक्यात किडा वळवळायला लागला. ही यादी मुळात आली कुठून? आजोबांच्या वेळी हुतुतू होताच, आट्यापाट्या होत्या, लंगडी होती. तेव्हा कोणी नावं लिहून भिंतीला चिकटवत होतं का? पुढचे तीन-चार वीकेंड यातच गेले. त्याचा हा वृत्तांत. लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात १८८२ पासून करू. त्या साली हंटर आयोगानं शाळांमध्ये देशी खेळ, कसरत आणि कवायत यांना उत्तेजन द्यावं अशी शिफारस केली. कागदावर देशी खेळ पहिले होते, पण शाळांमध्ये जास्त रुजली ती कवायत. का, ते समजायला इतिहासतज्ज्ञ लागत नाही. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस ड्रिल मास्तर म्हणून मिळायचा, साहित्य काहीच लागायचं नाही, आणि तपासणीला साहेब आला की रांगा छान दिसायच्या. बजेट शून्य, डेमो झकास. आमच्या धंद्यात असले प्रकल्प लगेच मंजूर होतात.

कवायतीची एक गंमत आहे. तिच्यात कोणी वगळलं जात नाही. जाडा, बारका, तिरळा, लंगडा, सगळे रांगेत. पण खेळतही कोणी नाही. 'सगळ्यांना सामावून घेणं' आणि 'सगळ्यांना खेळू देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथं पहिल्यांदा कळलं.

आणि 'सगळे' म्हणजे तरी कोण? शाळेच्या दारातून आत आलेले सगळे. त्या काळी आमचा भाग वऱ्हाडात होता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळला आला. इथल्या महार-मांगांच्या, तांड्यांवरच्या, गोंड-आंधांच्या पोरांपैकी शाळेच्या अंगणापर्यंत पोचणारं पोरच विरळा. मैदानाची गोष्ट लांबच.

मैदानापर्यंत पोचलेल्याचं काय व्हायचं, याचं उत्तर पुण्यात सापडतं. पळवणकर बाळू. जन्म १८७६, चर्मकार कुटुंब. पुण्यात साहेबांच्या क्लबात नेट लावणं, खेळपट्टी सारखी करणं असली कामं करता करता हा पोरगा नेटमध्ये गोलंदाजी करायला लागला. रामचंद्र गुहांनी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरच्या पुस्तकात लिहिलंय की साहेबांना त्यानं तासन् तास चेंडू टाकले, पण बॅट त्याच्या हातात कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात आला तर मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळलेला चालायचा, पण चहाच्या वेळी याचा चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यानं ११४ बळी घेतले. एवढं करून हिंदू संघाचं कर्णधारपद काही त्याला मिळालं नाही. धाकटा भाऊ विठ्ठलला ते मिळालं १९२३ मध्ये, बऱ्याच वादावादीनंतर.

बाळूची गोष्ट आपण 'जिद्दीची कहाणी' म्हणून वाचतो. मी ती वाचली आणि माझ्या मनात आलं की त्या क्लबात नेट लावणारी, खेळपट्टी झाडणारी आणखी किती पोरं असतील. ज्यांची फिरकी बाळूइतकी चांगली नव्हती त्यांचं काय? दार फक्त असामान्य माणसासाठी किलकिलं होत असेल तर त्याला उघडं म्हणत नाहीत.

आता आमच्याकडे. १९१४ मध्ये अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. विदर्भातल्या कोणत्याही गावात जुन्या पी.टी. सरांना विचारा, 'सर, शिकलात कुठं?' दहातले निम्मे तरी 'अमरावतीला, मंडळात' असं सांगतील. जातपात न बघता येईल त्याला तालमीत घेणं, ही भूमिका मंडळ अभिमानानं सांगत आलंय. ही भूमिका किती मोठी होती ते कळायला त्याच शहरातली दुसरी घटना शेजारी ठेवावी लागते. १९२७ मध्ये याच अमरावतीत अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी झाली, नोव्हेंबरात परिषद भरली, डॉ. आंबेडकर त्यासाठी आले. पंजाबराव देशमुख या चळवळीत पुढे होते. त्याच सुमाराला त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. म्हणजे देवळात जाता येईल की नाही यावर शहरात रणकंदन, आणि काही रस्ते पलीकडे लाल मातीत एकमेकांच्या अंगाला अंग लावून कुस्ती. (स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात कुस्ती आणि हुतुतू हे खेळ काय करत असतील, यावर कोणीतरी पीएचडी करायला हवी. दोन्ही खेळांत शिवल्याशिवाय काही होतच नाही!)

आखाड्यातसुद्धा यादी नव्हती. दंड, जोर, बैठका, लाठी, लेझीम, मल्लखांब. जो येईल तो आपापल्या ताकदीप्रमाणे करेल. पाच जोर मारणारा आणि पाचशे मारणारा एकाच मातीत. लेझमीच्या पथकात पन्नास पोरं असोत की दीडशे, 'राखीव खेळाडू' हा प्रकार तिथं नाही. मुली मात्र या सगळ्यात बराच काळ नव्हत्या, तेही सांगून टाकतो.

मग यादी आली कधी?

तर आली नियमपुस्तकाबरोबर. हे सापडलं तेव्हा मी जरा चरकलो, कारण नियम लिहिणारी माणसं चांगली होती आणि हेतूही चांगला होता. १९१४ मध्येच (वैद्य बंधूंचा आखाडा निघाला तेच साल) पुण्यात जिमखान्यात खो-खोचे नियम ठरवायला समिती बसली. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यानं खो-खोचे नियम छापले. हुतुतूचंही तसंच. डेक्कन जिमखान्यानं नियम बांधायला घेतले, १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं ते सुधारले. कारण काय, तर क्रिकेट-हॉकीला जसे नियम, माप, पंच आहेत तसे आपल्या मातीतल्या खेळांना का नसावेत? गावोगावी वेगळे नियम असले तर सामने कसे होणार? अगदी रास्त. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीसकट देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. नियम नसते तर हे जमलं असतं का? अवघड होतं.

पण नियमात आकडा आला. खो-खोत नऊ मैदानात आणि तीन राखीव. कबड्डीत सात आत आणि पाच बाहेर. आकडा आला की तेराव्याचं काय हा प्रश्न आपोआप जन्माला येतो. आधी आमच्या चावडीपुढे हुतुतूला जितकी पोरं जमतील त्यांचे दोन भाग पाडायचे आणि एक उरला तर त्याला लिंबू-टिंबू म्हणून घ्यायचं. लिंबू-टिंबू! हा शब्द आठवतोय का? ज्याला बाद करता येत नाही, पण जो खेळात आहे. जगातल्या कुठल्याही क्रीडा धोरणात मला याच्याइतकी नेमकी संज्ञा सापडलेली नाही. नियमपुस्तकात तिला जागा मिळाली नाही.

आता सगळ्यात आवडलेला भाग. कबड्डीचे नियम एक होण्याआधी तिचे तीन मुख्य प्रकार होते: गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर जायचा आणि पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत बाद झालेला बाहेर जायचा, पण समोरचा गडी बाद झाला की आपला एक 'जिवंत' होऊन परत आत. आणि अमरमध्ये? अमरमध्ये बाद झालेला बाहेर जायचाच नाही. समोरच्या संघाला एक गुण द्यायचा, आणि हा पठ्ठ्या तिथंच, खेळतच. वेळ संपली की गुण मोजायचे.

तीन अल्गोरिदम, खेळ तोच. फरक एवढाच की दुबळ्या गड्याला मैदानावर किती वेळ मिळतो. गामिनीत सगळ्यात हळू पोरगं पहिल्या दोन मिनिटांत बाहेर आणि उरलेला डाव बघत बसणार. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी सराव. (संगीत खुर्चीचंही हेच. पहिल्या फेरीत बाद झालेलं पोर उरलेला वेळ फक्त संगीत ऐकतं.) अमरमध्ये तेच पोरगं शेवटच्या मिनिटापर्यंत आत. दहादा शिवला जाईल, अकराव्या वेळी निसटेल.

१९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला आणि देशभर जी पद्धत रूढ झाली ती संजीवनीची. स्पर्धेसाठी ती निवड बरोबरच होती. बघायला मजा येते, पारडं वरखाली होतं. टीव्हीवर आपण बघतो ती कबड्डी याच पद्धतीची. माझी तक्रार वेगळी आहे. देशाच्या संघांसाठी ठरवलेला नियम आपण जसाच्या तसा चौथीच्या पोरांना लावला, आणि गामिनी-अमर ही नावंसुद्धा विसरून गेलो.

स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मैदानावर आणायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ती देशभर बऱ्याच शाळांमध्ये गेली. पण तीत शिस्तीवरच भर होता. फिरून पुन्हा कवायतच.

आमच्या भागात खरा बदल झाला तो दुसऱ्याच वाटेनं. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. वाडीवर, पोडावर, तांड्यावर शाळा निघत गेल्या. खेळाचं त्यात फारसं काही नव्हतं, पण पोरं अंगणापर्यंत आली. नाईक स्वतः बंजारा समाजातले, आणि महागाव-पुसद भागात तांडे भरपूर.

तांड्यावरच्या शाळेची एक गंमत बघा. पट पंचवीस. त्यात पोरी बारा-तेरा. खो-खोचा संघ करायचा तर जवळपास सगळ्यांनाच घ्यावं लागतं! लहान शाळेत कोणी वगळलं जात नाही, कारण वगळणं परवडत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार मांडला, तेव्हा चर्चा शिक्षक किती, वर्गखोल्या किती यावरच झाली. मोठी शाळा म्हणजे मोठं मैदान, हे खरं. पण संघ बाराचाच राहणार.

आणि एक अडचण, जी कोणत्याही नियमात दिसत नाही. आमच्या वर्गात सगळ्यात वेगानं पळणारा पोरगा तांड्यावरचा होता. माझ्यापेक्षा वीतभर बुटका, अनवाणी, आणि कोणाच्या हाती लागायचा नाही. तो एकाही स्पर्धेत खेळला नाही. दिवाळी झाली की त्याचे आई-बाप ऊसतोडीला जायचे, तोही जायचा, आणि परत यायचा तोवर उन्हाळा लागलेला. शाळांच्या स्पर्धा कधी? डिसेंबर-जानेवारीत. कोणी त्याला यादीतून काढलं नव्हतं. स्पर्धेचं कॅलेंडर आणि साखर कारखान्यांचा हंगाम एकच होता, बस्स. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पोरं मागे राहावीत म्हणून. स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यायला मात्र योजनाही लागत नाही.

कायद्याकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य. वाचून बरं वाटतं. मग पुढे वाचा: शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तेही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला खेळाचा शिक्षक कायद्यातच नाही. ज्या वयात पोरं सगळ्यात जास्त पळतात त्या वयाला कोणीच नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर स्पष्ट म्हणतो की शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी. पायात जोर नसलेल्या पोराला बरोबरीनं कोण देणार? दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी, खिचडीचा हिशेब ठेवून उरलेल्या वेळात?

मुलींचं बघायचं तर कबड्डी आशियाई खेळांत आली १९९० मध्ये, बीजिंगला. मुलींची आली २०१० मध्ये, ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षं.

पैसा नाही असंही नाही. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आठ वर्षं मदत मिळू शकते. चांगलंच आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. सगळं निवडलेल्यांसाठी. सरांच्या बाजूनं विचार केला तर तेही काय करतील? शाळेचं नाव ट्रॉफीनं होतं. तेरावा पोरगा खेळला म्हणून कोणाचा सत्कार झालेला ऐकलाय?

इथं माझे पुण्यातले मित्र म्हणतील, अरे पण स्पर्धा नसेल तर चॅम्पियन कसे होणार? त्यांच्यासाठी नॉर्वे. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७ मध्ये मुलांच्या खेळाचे नियम केले. मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत निकालांच्या याद्या, गुणतक्ते, क्रमवाऱ्या नाहीत. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. म्हणजे माझा भाचा नॉर्वेत असता तर त्याच्या वयाला यादीच नसती. या देशानं २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं जिंकली आणि २०२२ मध्ये १६ सुवर्ण. लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्हा २७.७ लाख होता. दोन यवतमाळ म्हणजे एक नॉर्वे! (बर्फ आणि तेल सोडून. ते दोन्ही आमच्याकडे नाही.)

परवा पुन्हा गावी गेलो तेव्हा सरांना भेटलो. भांडायला नाही, खरंच. सर वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, प्रवेशिकेत बाराच नावं बसतात. आणि स्पर्धेच्या गावाले जायची काळी-पिवळी हाये ना, तिच्यातबी बाराच पोरं बसतात. तेरावं कुठं बसवू, सांगा."

शंभर वर्षांचा इतिहास धुंडाळून झाल्यावर काळी-पिवळी माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मग म्हटलं, सर, स्पर्धेला बारा न्या. पण शनिवारी? २०२४ पासून शासनाचा 'आनंददायी शनिवार' आहेच. त्यांना अमर कबड्डी समजावून सांगितली. त्यांनी नाव ऐकलं होतं, कधी खेळवली नव्हती. "करून बघू, तुमी थांबा मंग," म्हणाले. चुन्याची फक्की मारली, मधली रेघ वाकडी आली. तिसरी-चौथीचे मिळून तेवीस जण, पोरी धरून. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला अकरा. गुण मी मोजत होतो आणि पाचव्या मिनिटाला माझा हिशेब चुकला. एका पोरीनं लगेच चूक काढली.

भाचा सहा वेळा शिवला गेला. दर वेळी सवयीनं रेघेबाहेर जाऊन उभा राहायचा आणि बाकीची पोरं ओरडायची, "अबे, आत ये ना!"